बोट बसलं, पण अजून बरं व्हायचंय

 

आज आपण बोलणार आहोत हाताच्या एका बोटाविषयी. "एका बोटाचं काय एवढं?" असं कुणाला वाटेल. आम्हांलाही तसंच वाटत होतं. मग आमच्याच गटातल्या एका ताईचं बोट निखळलं, आणि एका बोटावाचून बाईचं काय काय अडतं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. तिची गोष्ट तिच्या परवानगीनं सांगतो. नाव मात्र सांगत नाही, ते तिनं नको म्हटलंय.

दोन वर्षांपूर्वीची पावसाळ्यातली गोष्ट. ताई म्हैस पाण्यावर घेऊन निघाली होती. दाव्याचा एक वेढा हाताला घेतलेला, आपण सगळ्याच घेतो तसा. आडवं कुत्रं आलं, म्हैस बुजली आणि हिसका बसला. करंगळीशेजारचं बोट मधल्या सांध्यात वाकडं झालं. शेजारचे एक काका धावत आले, त्यांनी बोट धरून ओढलं, कट् असा आवाज आला आणि बोट सरळ दिसायला लागलं. सगळ्यांना हायसं वाटलं. ताईनं आंबेहळद उगाळून लावली, वर चिंधी गुंडाळली आणि संध्याकाळी धार काढायला बसली.

महिना गेला, दोन महिने गेले. बोट मधल्या सांध्यात वाकलेलंच राहिलं आणि टोकाचं पेर उलटं वर वळायला लागलं. भाकरी थापताना ते बोट आडवं येऊन भाकरी फाटायची. भांड्यात हात घालायचा तर अडकायचं. शेवटी मोठ्या रुग्णालयात दाखवलं तेव्हा कळलं, की सांधा निखळताना बोट सरळ करणारी दोरीच मधल्या सांध्यापाशी तुटली होती. वेळेवर आली असती तर नुसत्या पट्टीवर भागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. आता ते बोट पूर्ण सरळ होत नाही.

यात कुणाच्या मनात खोट नव्हती. काकांनी मदतच केली. ताईही कामाला लागली ती घर चालावं म्हणून. चूक एकाच समजुतीत होती, की बोट जागेवर बसलं म्हणजे बरं झालं. मैत्रिणींनो, निखळलेलं बोट बसवणं हे काही मिनिटांचं काम आहे. ते बरं करणं हे सहा-आठ आठवड्यांचं काम आहे. आज त्या सहा-आठ आठवड्यांविषयीच बोलायचंय.

बोट कसं बनलेलं असतं?

आपल्या एका हातात २७ हाडं असतात. त्यातली १४ बोटांची. अंगठ्यात दोन आणि बाकीच्या चार बोटांत प्रत्येकी तीन. दोन हाडं जिथं भेटतात तो सांधा. सांध्याच्या दोन्ही बाजूंना दोन मजबूत बंध असतात, आणि तळहाताच्या बाजूनं एक जाड पडदा असतो. तो बोटाला मागं उलटू देत नाही. दाराच्या बिजागरीसारखंच आहे हे. दार पुढं उघडतं, पण मागं जात नाही.

आता एक करून बघा. डाव्या हातानं उजव्या हाताला कोपराच्या थोडं खाली धरा आणि उजव्या हाताची बोटं उघडा, मिटा. हाताखाली काहीतरी हलतंय ना? बोटं वाकवणारं मोठं मांस तिथं आहे. बोटांत नुसत्या दोऱ्या येतात. तळहाताच्या बाजूच्या दोऱ्या बोट वाकवतात आणि पाठीच्या बाजूच्या बोट सरळ करतात. या दोऱ्या सांध्याला अगदी चिकटून जातात. म्हणून सांधा निखळला की हाडाबरोबर बंध, पडदा आणि कधी कधी दोरीसुद्धा दुखावते. बाहेरून बोट सरळ दिसलं तरी आत काय तुटलंय ते डोळ्यांना दिसत नाही.

सगळ्यात जास्त निखळतो तो बोटाचा मधला सांधा. बहुतेक वेळा बोटाचा पुढचा भाग मागं, म्हणजे हाताच्या पाठीकडं सरकतो. घसरून हात टेकला, कबड्डीत बोट अडकलं, चेंडू बोटाच्या टोकावर आदळला, की असं होतं. क्वचित उलटं होतं आणि तो भाग तळहाताकडं सरकतो. ही दुसरी तऱ्हा कमी आढळते, पण फसवी असते. तीत सरळ करणारी दोरी तुटण्याची भीती जास्त. आमच्या ताईचं तेच झालं होतं.

पहिल्या तासात काय करायचं?

बोट वाकडं दिसतंय, सुजतंय, हलवता येत नाही, हात लावू देत नाही. असं झालं की सगळ्यात आधी अंगठ्या काढा. त्या बोटातली काढाच, शेजारच्या बोटांतल्याही काढा. सूज चढली की अंगठी रुतते आणि बोटाचं रक्त अडतं. निघत नसेल तर साबणाचं पाणी लावून हळूहळू फिरवत काढा. तरीही नाही निघाली तर ओढाताण करू नका, रुग्णालयात ती कापून काढतात. सोन्याची असली तरी कापू द्या. सोनं सोनार जोडून देईल, बोट तो जोडून देणार नाही. मनगट सुजत असेल तर बांगड्याही वाढवायच्या. घरातल्या मोठ्यांनी त्यात काही अशुभ मानू नये, हे आम्ही सासूबाईंनाच सांगतोय.

मग बोट जसं आहे तसंच ठेवून आधार द्या. पुठ्ठ्याचा तुकडा खाली घेऊन सैल कापडानं बांधलं तरी चालतं. बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळून १५ ते २० मिनिटं ठेवा. बर्फ थेट कातडीवर नको. हात छातीच्या वर राहील असा उचलून धरा, म्हणजे सूज कमी चढते.

आणि कुणालाही बोट ओढू देऊ नका. हाडवैद्य असो, पैलवान असो, घरातला कर्ता माणूस असो. आत हाडाचा टवका उडालेला असेल तर ओढण्यानं तो आणखी सरकतो. कधी कधी फाटलेला पडदा सांध्यात अडकलेला असतो, तेव्हा कितीही ओढलं तरी बोट बसत नाही, उलट इजा वाढते. बोट आपोआप बसलं किंवा कुणी आधीच बसवलं असलं, तरी त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी दाखवायला जायचंच.

चार गोष्टी दिसल्या तर मात्र एक घटकाही थांबायचं नाही. बोट पांढरं किंवा निळं पडलं, गार पडलं, बधिर झालं, किंवा कातडी फाटून जखम झाली, हाड दिसलं. जखमेवर स्वच्छ ओलं फडकं ठेवून थेट रुग्णालय गाठा. हळद, चुना, तंबाखू, शेण यातलं काहीही जखमेत भरू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल, ते मागून घ्या. गाडी नसेल तर १०८ नंबरला फोन करा.

रुग्णालयात काय होतं?

बऱ्याच जणी खर्चाला भिऊन जात नाहीत. तर ऐका. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत केलेले आहेत. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बहुधा एक्स-रेची सोय नसते. त्यामुळं ग्रामीण रुग्णालयात किंवा उपजिल्हा रुग्णालयात जावं लागतं. एक्स-रे कुठं चालू आहे हे निघण्याआधी आशाताईंना विचारून घ्या, म्हणजे हेलपाटा पडणार नाही.

तिथं केसपेपर काढला की आधी एक्स-रे काढतात. मग बोटाच्या मुळाशी भूल देणारं इंजेक्शन देऊन बोट बसवतात. नंतर पुन्हा एक्स-रे काढतात, सांधा नीट बसला का ते बघायला. दोन्ही एक्स-रे महत्त्वाचे आहेत. पोटात बाळ असेल तर आधी सांगा. हाताचा एक्स-रे पोटावर संरक्षक पट्टा ठेवून काढता येतो, त्यासाठी तपासणी टाळायचं कारण नाही.

उशीर केला तर काय होतं? जितके दिवस जातील तितकं आतलं मांस आखडतं आणि बोट नुसतं ओढून बसवणं अवघड होत जातं. काही आठवडे गेले तर ऑपरेशनशिवाय इलाज राहत नाही.

निघण्याआधी डॉक्टरांना चार प्रश्न विचारा आणि उत्तरं केसपेपरवर लिहून घ्या. बोट कुठल्या बाजूला निखळलं होतं? हाड मोडलंय का? पट्टी किती दिवस ठेवायची आणि मध्ये काढायची की नाही? बोट कधीपासून हलवायचं? पुढचं सगळं या चार उत्तरांवर चालतं.

दोघींची बोटं, दोन पट्ट्या

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटातली दुसरी एक जण विहिरीजवळच्या शेवाळलेल्या फरशीवर घसरली. हात टेकला आणि मधलं बोट मागं उलटलं. या वेळी आम्ही शहाण्या झालो होतो. त्याच दुपारी तिला घेऊन गेलो. हाड मोडलेलं नव्हतं, बोट छान बसलं. डॉक्टरांनी तिचं बोट शेजारच्या बोटाला बांधून दिलं आणि चौथ्या दिवसापासून हलवायला सांगितलं.

गावात लगेच चर्चा. "एवढ्या लवकर हलवायचं? माझ्या भाच्याला तर सहा आठवडे बोट ताठ बांधून ठेवलं होतं." दोघांचंही खरं होतं. बोट पाठीकडं निखळलं असेल आणि हाड मोडलं नसेल, तर शेजारबोटाला बांधून लवकर हलवायचं असतं. काहींना थोड्या वाकवलेल्या स्थितीत पट्टी देतात, म्हणजे बोट मिटता येतं पण पूर्ण सरळ करता येत नाही. पण सरळ करणारी दोरी तुटलेली असेल, तर मधला सांधा सहा आठवडे सलग सरळच ठेवावा लागतो. त्यात एक दिवस जरी पट्टी काढून बोट वाकवलं, तरी जुळत आलेली दोरी पुन्हा सुटू शकते.

म्हणून मैत्रिणींनो, शेजारणीची पट्टी आपल्या बोटाला लावायची नाही. तिचं बोट वेगळं, आपलं वेगळं.

शेजारबोटाला बांधण्याची रीत साधी आहे. दोन बोटांच्या मध्ये कापूस किंवा गॉजची घडी ठेवायची, नाहीतर घामानं कातडी सोलते. एक चिकटपट्टी मधल्या सांध्याच्या वर आणि एक खाली लावायची. सांध्यावर लावायची नाही, म्हणजे बोट वाकतं. पट्टी घट्ट झाली का हे बघायला नख दाबा. दाबल्यावर पांढरं होतं, सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. होत नसेल, मुंग्या येत असतील, तर पट्टी सैल करा. ओली झाली की बदला.

आठवडे कसे काढायचे?

आता सांगतो ते हाड न मोडलेल्या, पाठीकडं निखळलेल्या बोटाचं. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

पहिले तीन-चार दिवस विसावा. झोपताना हात उशीवर उंच. दिवसातून तीन-चार वेळा बर्फ. हात गळ्यात अडकवून दिवसभर बसू नका. खांदा, कोपर, मनगट आणि बाकीची बोटं हलवत राहा, नाहीतर तेही आखडतील. दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या. दुकानातून कुणाच्याही सांगण्यावरून घेऊ नका, आणि पोटुशी असाल तर अजिबात नको.

त्यानंतर व्यायाम. हीच खरी लढाई. कारण निखळलेल्या बोटाची सगळ्यात मोठी तक्रार आखडण्याची असते. आत सूज असते, ती हलली नाही तर घट्ट होते आणि सांध्याला धरून ठेवते. रात्रभर ठेवलेला भाकरीचा तुकडा कसा ताठ होतो, तसं होतं बोटाचं.

व्यायामाआधी पाच मिनिटं हात कोमट पाण्यात ठेवा. सुरुवातीची सूज उतरल्यावरच हं, पहिल्या दिवसांत शेक नको. मग या चार हालचाली करायच्या.

एक, बोटं सरळ उभी करा, राम राम करताना असतात तशी. दोन, बोटांची फक्त पुढची दोन पेरं वाकवा, विळ्याच्या टोकासारखी. बोटांची मुळं सरळच राहू द्या. तीन, पूर्ण मूठ मिटा, मूठभर दाणे घेतल्यासारखी. चार, दुसऱ्या हातानं दुखऱ्या बोटाचं मुळाचं पेर धरून ठेवा आणि फक्त मधला सांधा वाकवा, सरळ करा.

प्रत्येक हालचाल पाच ते दहा वेळा, दिवसातून चार-पाच वेळा. लक्षात कसं ठेवायचं? सकाळचा चहा, दुपारची भाकरी, संध्याकाळचा दिवा, रात्रीचं अंथरूण. प्रत्येक वेळेला एक फेरी. ओढल्यासारखं वाटेल, थोडं दुखेल, ते चालतं. पण व्यायामानंतर दुखणं तासाभरात उतरायला हवं. दुसऱ्या दिवशी बोट जास्त सुजलं तर समजा जास्त झालं, थोडं कमी करा. दुसऱ्या कुणाकडून बोट दाबून वाकवून घेऊ नका. आपल्याच बळानं जितकं वाकेल तितकंच वाकवा. पट्टीनं बोट मागं जायला अडवलं असेल, तर डॉक्टर सांगेपर्यंत सरळ करण्याचा अट्टहास करू नका.

शेजारबोटाची पट्टी साधारण तीन ते सहा आठवडे राहते. पुढं काही दिवस फक्त कामाच्या वेळी बांधली तरी चालते.

कुठलं काम कधी?

हा प्रश्न डॉक्टर विचारत नाहीत, पण घर विचारतं. आम्ही आमच्यापुरता असा हिशेब मांडला, आणि रुग्णालयातल्या डॉक्टरांना दाखवून घेतला.

पहिले दोन आठवडे निवडणं, टिपणं, हिशेबाची वही, लेकरांचा अभ्यास. त्या हातानं ओझं नाही, पिळणं नाही, दावं धरणं नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून पट्टी बांधून हलकी कामं. भाजी चिरणं, पीठ मळणं, झाडणं. पीठ मळणं हा तर चांगला व्यायाम आहे, मूठ उघडते आणि मिटते. पण पीठ सैल घ्या.

सहाव्या आठवड्यानंतर भाकरी थापणं, कपडे पिळणं, धार काढणं हळूहळू. भाकरीला बोटं पूर्ण सरळ लागतात आणि धारेला पूर्ण मूठ लागते. म्हणून ही दोन कामं म्हणजे बोटाची परीक्षाच. पहिल्या दिवशी दोन सडांची धार, मग चारांची. अंगठा मुडपून धार काढायची सवय असेल, तर या काळात पूर्ण मुठीनं काढा, सांध्यावर जोर कमी येतो.

भरलेला हंडा, ऊसतोड, खुरपं धरून दिवसभराची भांगलण, जनावराचं दावं, हे सगळं आठ आठवड्यांनंतर, आणि मूठ दुसऱ्या हाताइतकी घट्ट व्हायला लागली असेल तरच. काहींना तीन महिनेही लागतात.

गटातून आलेले प्रश्न

"तेल लावून चोळलं तर मोकळं होईल ना?" पहिल्या आठवड्यांत चोळू नका. फाटलेले बंध जुळत असतात, चोळण्यानं सूज वाढते. पट्टी सुटल्यावर हलक्या हातानं, टोकाकडून मनगटाकडं तेल जिरवायला हरकत नाही. सांधा मोडून कडकड वाजवायचा नाही.

"तीन महिने झाले, बोट अजून जाड दिसतंय. काही राहिलंय का आत?" मधल्या सांध्याची सूज फार चिवट असते. सहा महिने, कधी वर्षभरही राहते. सांधा कायमचा थोडा जाडही राहू शकतो. बोट वाकतंय, सरळ होतंय, दुखणं कमी होत चाललंय, तर घाबरायचं कारण नाही. अंगठी मात्र लगेच वाढवून घेऊ नका, वर्षभर थांबा.

"मला साखरेचा आजार आहे. काही वेगळं करायचं का?" साखर असलेल्यांचे सांधे जास्त आखडतात आणि जखम उशिरा भरते. तेव्हा साखर ताब्यात ठेवा, व्यायाम चुकवू नका आणि पट्टीखालची कातडी रोज बघा.

"मिसरीचा आणि बोटाचा काय संबंध?" हा प्रश्न विचारणारी हसत होती, पण संबंध आहे. तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि दुखावलेल्या जागी रक्त कमी पोचतं. निदान बोट बरं होईपर्यंत तरी मिसरीची डबी फडताळात वर ठेवा. पुढं खाली काढावीशी वाटली नाही, तर आणखी चांगलं.

"परत निखळेल का?" पहिले काही आठवडे ती भीती असते, म्हणून पट्टी. नीट बरं झालेलं बोट सहसा पुन्हा निखळत नाही. पण पुन्हा पुन्हा सरकत असेल तर दाखवा.

पुन्हा दाखवायला कधी जायचं, तेही सांगतो. पट्टी असताना बोट वाकडं दिसायला लागलं, टोकाचं पेर लोंबायला लागलं, मधला सांधा आपल्या बळानं सरळ होईना, जखमेतून पू आला, ताप आला, किंवा दोन-तीन आठवडे व्यायाम करूनही बोट जराही पुढं सरकेना. तिथं फिजिओथेरपीची सोय आहे का तेही विचारा. आखडलेल्या बोटासाठी रात्री घालायची वेगळी पट्टी मिळते. ती वेळेवर मिळाली तर ऑपरेशन टळू शकतं.

दाव्याचा वेढा घेऊ नका

एक सवय आजच सोडायची आहे. दावं, कासरा, बकरीची दोरी, काहीही असो, हाताला किंवा बोटाला वेढा घेऊन धरू नका. जनावर बुजलं की दोरी आवळते, हात सोडवता येत नाही. बोट निखळणं हे त्यातलं कमीत कमी नुकसान आहे, बोट तुटूनही जातं. दोरी घडी घालून मुठीत धरा, म्हणजे हिसका बसला की सोडून देता येते. गेलेली म्हैस परत आणता येते. आणि लेकरांना ही गोष्ट आधी शिकवा, कारण ती आपलं बघूनच वेढा घेतात.

सावड बोटासाठीही असते

शेवटी एक गोष्ट. पहिल्या ताईला आम्ही नंतर विचारलं, "तेव्हा रुग्णालयात का नाही गेलीस?" ती म्हणाली, "गेले असते गं, पण धार कुणी काढली असती?" यावर आम्हांला उत्तर सुचलं नाही. कारण ते खरं होतं. बोटाला विसावा द्या म्हणून सांगणं सोपं आहे. पण दोन म्हशी, चार माणसांचा स्वयंपाक आणि दुधाच्या पैशावर चाललेला गटाचा हप्ता, हे सगळं विसाव्याला कुठं थांबतं?

म्हणून दुसरीचं बोट निखळलं तेव्हा आम्ही बैठकीत आधी तेच ठरवलं. पेरणीला, काढणीला आपण एकमेकींच्या रानात सावड करतो. मग हाताला का करू नये? सहा जणींनी पाळी लावून सहा आठवडे तिच्या घरची सकाळची धार काढली. संध्याकाळची धार तिच्या नवऱ्यानं शिकून घेतली. पहिल्या दिवशी म्हशीनं लाथ मारून बादली सांडली, ते सगळं गाव अजून सांगतं. पण आठवड्यात त्याचा हात बसला. भाकरी तिची सासू करायची. गटानं एका महिन्याचा हप्ता पुढं ढकलला.

आज तिची मूठ पूर्ण मिटते. बोट थोडं जाड आहे, अंगठी जात नाही. भाकरी मात्र गोल येते. आणि पहिली ताई? तिचं बोट वाकडंच आहे. पण गटात कुणाच्या हाताला काही झालं की सगळ्यात आधी तीच उठते, "अंगठी काढ, ओढू देऊ नको, चल एक्स-रेला" म्हणते आणि स्वतः सोबत जाते.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं याला द्या. आपल्या गटात कुणाला काही झालं तर कोण सोबत जाईल, कोण धार काढेल, कोण लेकरं सांभाळेल, हे आधीच वहीत लिहून ठेवा. वेळ आली की मग विचार करत बसावं लागणार नाही.

येतो आम्ही. हात सांभाळा, रामराम!